ठकी रडत नाही

उमरावती, कार्तिक शु. १२, शके १७८५

सकाळपासून ओटीवर बायकांची रीघ. दुखणं एकीचंही नाही, मागणी एकच: बाळगोळी द्या. वेचणी ऐन भरात आली आहे. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आपला कापूस हवा आणि इकडे बायका उजाडल्यापासून शेतात, नाहीतर सरकी काढायच्या रेच्यावर. कडेवर पोर घेऊन यातलं काहीच होत नाही. गोळी दिली की पोर दिवसभर सावलीला निजतं.

वडिलांनी ही गोळी काढली ती पोट दुखून आकांत करणाऱ्या पोरांसाठी. जायफळ, वेखंड, मुरडशेंग आणि अफू नावापुरती. मोहरीएवढी, तीही अडल्यानडल्याला. आता रोज नेतात. नेईनात का! चांगली आहे म्हणूनच नेतात.

ठकी दुपारपर्यंत ओटीवर दुपट्यावर पडून होती. माझी नात, गोविंदाची पहिली, दहावा महिना चालू. हूं नाही की चूं नाही. बायका कौतुकानं बघतात. एक म्हणाली, "वैद्यबुवा, कशी शानी पोर हाये तुमची!" म्हटलं, आमच्याच गोळीवरची आहे. लगेच चौघींचे हात पुढे आले.

कार्तिक व. २

गोविंदाचं अकोल्याहून पत्र. दसऱ्यापासून तो तिथं कापसाच्या दलालीत आहे. वैद्यकी त्याला कधी आवडली नाही, गोळी मात्र आता फार आवडायला लागली आहे. तिथल्या रेच्यांवरच्या बायकांसाठी डबे भरभरून पाठवा म्हणतो. शिवाय तक्रार: मोहरीएवढीनं पोरं दुपारी जागी होतात, मुगाएवढी करा.

विचार केला. धूळ, ऊन, गोंगाट. कामावरच्या पोरांना थोडी जास्त लागणारच. यमुनेला सांगितलं, उद्यापासून मुगाएवढी वळ. "बरं, मामंजी." सुनेचा हात मोठा छान आहे. पाटावर बसली की संध्याकाळपर्यंत सूप भरतं, एक गोळी दुसरीहून लहान नाही की मोठी नाही. शेजारी ठकी. तिचा त्रास म्हणून नाहीच.

कार्तिक व. ९

वलगावची सुभद्रा आली. कुणब्याची सून, तोंडानं फटकळ. मुलगा दीड वर्षाचा, नाव किसन. कडेवरून उतरवला तर मान एकीकडे, अंग एकीकडे. बसत नाही. लाळ गळते. तोंडापुढे टाळी वाजवली तर उशिरानं, कंटाळल्यासारख्या पापण्या हलल्या.

"वैद्यबुवा, हा मायाकडे काहून पायत नाही?"

पडला होता का? नाही. ताप? नाही. मग म्हटलं वात आहे, तेल लाव. ती उठता उठता म्हणाली, "गोळी बंद करू का?" मी म्हटलं, गोळीचा काय संबंध? लिहून ठेवतो, कारण मी फार पटकन म्हटलं.

मार्गशीर्ष शु. ३

याच पंधरवड्यात मान न धरणारं हे तिसरं पोर. एक भातकुलीचं, एक इथलंच पेठेतलं. तिन्ही आया सांगतात तेच: काही त्रास नाही हो, रडत पण नाही.

काहीतरी साथ असेल. हवा बिघडली आहे, सगळीकडे कापसाचं पीस उडतं आहे. नाकातोंडात जातं. (असं पेठेतल्या चार लोकांना सांगितलं. सगळ्यांना पटलं. मला सोडून.)

अकोला, मार्गशीर्ष शु. ११

तीन दिवस बैलांच्या दमणीत हाडं खिळखिळी करून गोविंदाकडे आलो. रस्ताभर कापसाच्या गाड्या. एकानं बैलांच्या शिंगांना चांदी मढवली होती. गो.चं अंग भरलं आहे, अंगरखा नवा. "अप्पा, तुमची गोळी कशी चालते ते दाखवतो," म्हणाला आणि मोठ्या हौसेनं मोर्णेच्या काठी एका रेच्याच्या मांडवात घेऊन गेला.

आत बायका दोन्ही हातांनी रेचे फिरवत होत्या, काय तो कुरकुराट! आणि मागच्या बाजूला, पडद्याआड, गोणपाटांवर पोरं. ओळीनं निजवलेली, वीसेक असतील. एकही रडत नव्हतं. एका पोराच्या डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसली होती. डोळा उघडाच होता. माशी फिरत होती आणि पापणी हलत नव्हती. मी वाकून ती माशी हाकलली.

एक म्हातारी राखणीला. तिच्या मांडीवर आमचा डबा. "सकाळी एक देतो, दुपारी एक. लय गुनाची गोळी हाये बापू." मी कोण ते तिला माहीत नव्हतं. गो. हसत उभा. मी मांडवाबाहेर निघालो. गोविंदाला वाटलं उन्हानं.

मार्गशीर्ष शु. १५

परतीच्या वाटेवर मूर्तिजापुरास मुक्काम. आतापर्यंत पाहिलेली मंद पोरं आठवून लिहितो आहे, म्हणजे डोक्यातला गोंधळ तरी कमी होईल.

साळ्याचा रामा. तीन वर्षांचा होईतो पोपटासारखा बोलायचा. ताप डोक्यात गेला, फेफरी आली, तापातून उठला तो एक शब्द उरला नव्हता. त्याला गोळी कधीच नाही.

कुंभारणीचं शेंडेफळ. आई चाळिशीची. जन्मतःच डोळे तिरपे, जीभ जाड, अंग लोण्यासारखं मऊ. हसरं मात्र भारी. गोळी नाही.

आणखी दोघे भाऊ, आईबाप सख्खी आतेमामेभावंडं. दोघेही पाच वर्षांचे होईतो चालले नाहीत. गोळी नाही.

म्हणजे हे दुखणं गोळीच्या आधीपासून आहे, दैवाचं आहे, शंभर वाटांनी येतं. इथवर लिहून बरं वाटलं होतं. पण मग किसन, भातकुलीचं, पेठेतलं आणि तो मांडव? पोर जागं असतं तेव्हाच आईचं तोंड बघतं, आवाज कुठून आला ते शोधतं, हात लांबवतं. दिवसभर निजलं तर हे सगळं शिकायचं कधी? चाळीस वर्षं वैद्यकी करतो आहे आणि हा प्रश्न मला आज पडला. लाज वाटते.

उमरावती, मार्गशीर्ष व. ५

सुभद्रा आली. तेल मागायला नाही, सांगायला. "म्या बंद केली गोळी. तुमी नाई म्हनलं तरी केली. आठ दिस लय वरडला, ओकला, वाटलं मरते आता. पन आता मायाकडे पायते." किसनला पुढे केलं. मान अजून डुलते, पण नजर खरंच आईवर. तिनं पदर तोंडावर घेतला तर शोधायला लागला.

मग ती ओटीवरच्या ठकीकडे बघत राहिली. बराच वेळ. "राग नोका मानू वैद्यबुवा. तुमची नात बी तशीच पायते. कोनाकडेच नाई."

मी तिला हाकलली. अक्षरशः हाकलली, चार माणसांदेखत. वैद्य मी की तू, असंही म्हटलं.

दुपारी दार लावून ठकीजवळ बसलो. झांज घेतली, तिच्या डाव्या कानाशी वाजवली. मग उजव्या. मग डोळ्यांसमोर बोटं नाचवली. मग तिला उचलून धरली. सुभद्रेच्या पोरासारखीच मान, मागे.

माझी ठकी. मीच ओटीवर ठेवत होतो तिला, लोकांना दाखवायला.

मार्गशीर्ष व. ६

यमुनेला विचारलं. बाळंतपण तिच्या माहेरी न होता इथंच झालं, त्यामुळे मला बरंचसं ठाऊक होतं. पण बाहेर बसलेल्याला किती ठाऊक असतं. दोन दिवस कळा. पोर आलं ते निळं, गळ्याला नाळ. सुइणीनं उलटं धरलं, थोपटलं, तोंडात फुंकर घातली. "मी शंभर मोजले मामंजी, मग रडली." शंभर म्हणजे फार होतं. इतका वेळ श्वास नाही म्हणजे डोक्याला काय झालं असेल ते देव जाणे.

आणि मग रडायला लागली ती थांबेना. ओटीवर रोगी, आत हा आकांत. सहाव्या दिवशी मीच पहिली गोळी उगाळून घातली, माझ्या हातानं. निजली. सगळ्यांना केवढं हायसं वाटलं.

तर आता: नाळेनं की गोळीनं? नाडी पाहून हे कळत नाही. कुठल्याही पोथीत नाही.

यमुनेला सांगितलं, आजपासून ठकीला गोळी बंद. तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं पोरीच्या काळजीनं.

मार्गशीर्ष व. ९

तीन दिवस. ठकी रडते आहे. हे रडणं नव्हे, कुणी सोलतं आहे असं ओरडणं. जांभया, शिंका, घाम, हिरवे जुलाब, हातपाय थरथर. दूध घेते आणि ओकते. एकदा वाटलं, मोहरीच्या अर्धी देऊ, एकदाच. उगाळायला सहाण काढली. परत ठेवली.

शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "इतकी गुणी पोर, काय केलंत हो?"

मार्गशीर्ष व. ३०

ओरडणं कमी झालं. काडीसारखी झाली आहे. आज वाटीभर दूध पोटात राहिलं. यमुना भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती, तिला उठवलं नाही.

ओटीवरच्या बायकांना आज सांगितलं, गोळी मिळणार नाही. का ते सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "जायफळ संपलं आहे." भेकड! दुपारी पेठेत गेलो तर मसाले-औषधं विकणाऱ्या पसाऱ्याच्या दुकानात "वैद्यबुवांची बाळगोळी" म्हणून काळे खडे विकायला. ज्वारीच्या दाण्याएवढे. नुसती अफू.

पौष शु. ४, संक्रांत

पहिली संक्रांत म्हणून काकूंनी ठकीचं बोरन्हाण ठरवलंच. काळं झबलं, हलव्याचे दागिने. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले, गल्लीतली पोरं तुटून पडली. ठकीच्या नाकावर बोर आपटलं. तिनं बघितलं नाही. मांडीवर उभी धरली तर पाय एकमेकांवर कात्रीसारखे ताठ आणि अंगठा मुठीत घट्ट. किसनचे पाय असे नव्हते. त्याचे सैल होते; मग हे गोळीचं की नाळेचं? मला हे आता सारखं दिसत राहणार.

बायकांनी ते पाहिलं. मग एकेक सुरू. पोटुशी असताना यमुनेनं ग्रहण पाळलं नाही. कुठलं ग्रहण, कोणास ठाऊक! संध्याकाळी केस मोकळे सोडून विहिरीवर जायची. माहेरात कुणीतरी वेडं असेल, लपवलं असेल. सगळं तिच्यादेखत. ती तिळगूळ वाटत राहिली.

पौष शु. १३

गो.चं पत्र. इथली बातमी तीन मुक्काम लांब पोचली, कशी ते कळलं, काकूंच्या जावयाचं अकोल्यास जाणं असतं. लिहितो: पहिलंच अपत्य असं, पुढची अशीच झाली तर वंश बुडेल. मूर्तिजापूरचं एक स्थळ सांगून आलं आहे. यमुनेला हवं तर माहेरी पोचवू, पोरीसकट. तुमची संमती असावी. आणि खाली, त्याच शाईनं: गोळ्या का थांबल्या?

पत्र फाडलं नाही. फाडावंसं वाटलं. तिला वाचून दाखवलं नाही, पण तिला न वाचताच कळलं. आज तिनं भाजीत मीठ घातलं नाही.

माघ शु. ६

ठकीला आज वर्ष झालं. ओवाळलं. यमुना रोज तिला उन्हात पालथी घालते, समोर घागरीवर वाटी वाजवते. मी पाय चोळतो, अंगठा मुठीतून सोडवतो, तो परत आत जातो. किसनला सुभद्रा घेऊन आली होती, माझ्या हाकलण्याची गोष्ट न काढता. तो बसतो आता, उशीला टेकवला तर. तिला हात जोडले. ती घाबरली, "असं नोका करू जी," म्हणाली.

तिनं जाताना विचारलं, "तुमी गावाले सांगत काहून नाई?"

माघ शु. १४

गो. आला. जेवून सुपारी कातरता कातरता विषय काढला. मूर्तिजापूरची मुलगी चौदाची, घर सुखवस्तू. यमुना माजघरात, दाराआड.

मी म्हटलं, पोरीचं वाटोळं तुझ्या बायकोनं केलं नाही. गोळीनं केलं. माझ्या गोळीनं, माझ्या हातानं. सहाव्या दिवसापासून. तिच्या कुशीत काही खोट नाही.

तो हसला. "अप्पा, मी पण त्याच गोळीवर वाढलो ना? मला काय झालं?"

मोहरीएवढी, पोट दुखलं तर, असं काहीतरी म्हणालो. हा मुलगा त्या मांडवात माशा बसलेली पोरं दाखवताना हसत उभा होता.

पण बोललो ते सोडलं नाही. म्हटलं, दुसरं लग्न केलंस तर उमरावतीपासून अकोल्यापर्यंत प्रत्येक गावात जाऊन सांगेन की वैद्याची गोळी पोरं मंद करते, आणि माझी नात दाखवेन. तो उठला, पागोटं घातलं. जाताना म्हणाला, "बरं. थांबवतो तूर्त." तूर्त.

दोन दिवस कळा, निळं अंग, गळ्याची नाळ, यातलं काही मी बोललो नाही. बोललो असतो तर ते तिच्याच माथी मारलं असतं: बाई अडते, पुढचंही तसंच येईल. म्हणजे मी खरं बोललो की सोयीचं? दोन्ही असेल.

माघ व. १

यमुना ओटीवर आली. लग्नानंतर कधी आली नव्हती, रोगी असोत नसोत. ठकीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच बोलली.

"मामंजी, तुम्ही सकाळी एकच देत होता. दुपारची मी द्यायची. ओटीवर माणसं असताना ती रडली की तुम्ही आत बघायचात, तुमची ती नजर... म्हणून द्यायची." मग आपलं बोट पुढे केलं. "आणि गोळ्या वळताना रडली की बोट द्यायची तोंडात. तेच बोट. मुगाएवढी झाल्यापासून सूप भरायचं असायचं, हात धुवायला उठणार कधी? ती चोखायची, निजायची. मला वाटायचं आईचं बोट म्हणून निजते."

माझ्या नजरेला भिऊन तिनं केलं. मुगाएवढी मी सांगितली.

"मी सांगते त्यांना," ती म्हणाली. "तुमच्या नावावर कशाला?"

मी नको म्हटलं. जोरात म्हटलं. ती "बरं, मामंजी" म्हणाली नाही. गप्प बसेल की गोविंदा पुढच्या खेपेला आला की सांगून मोकळी होईल, मला माहीत नाही. सांगितलं की ती या घरातून गेली, आणि तिच्याबरोबर ठकी. तिला हे कळतं, तरी सांगायचं म्हणते.

ती आत गेल्यावर पोर मांडीवरच होती. दोनदा हात धुतले, राखेनं, मग पाण्यानं. तिच्या गालाजवळ बोट नेलं, बाजूनं, तिला समोरून दिसू नये असं.

ठकीनं मान वळवली. सावकाश, डुलत, पण वळवली आणि तोंड उघडलं. वर्षभरात ती पहिल्यांदा कुणाकडे वळली. रडू आलं मला. मग बोट तोंडात घेऊन चोखायला लागली, आणखी जोरात चोखायला लागली, आणि काही मिळेना तशी रडली.

माझ्याकडे वळली की त्या चवीकडे, हे मला सांगता येत नाही. चाळीस वर्षांच्या वैद्यकीत नाही. बाहेर दोन बायका पोरं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते रडणं ऐकलं, आणि मी उठायच्या आत पसाऱ्याच्या दुकानाकडे चालू लागल्या.